कंपनीची खोली

हैदराबादच्या त्या हॉटेलात न्हाणीघराला भिंत नव्हती, काच होती. पलंगावर बसलं की समोर नळ, कमोड, सगळं लख्ख. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. शाळेला संडासच नाही, हे कितीदा सोसलं. पण संडास आहे, चांगला चकचकीत आहे आणि आडोसा तेवढा नाही, हा प्रकार मी साठी ओलांडल्यावर पाहिला. प्रवासातली साडी उतरवून मी तिचा काठ काचेच्या वरच्या फटीत खोचला आणि पडदा केला. तरी गुणवंतरावांना खोलीत थांबवेना.

"बाई, तू आटप. मी भाईर उभा राह्यतो," म्हणाले आणि गेले.

गुणवंतराव माझे यजमान. वनखात्यात होते. बरीचशी नोकरी अहेरी आणि सिरोंच्याकडे झाली, वनपाल म्हणून निवृत्त झाले, आता चिमूरजवळ आमची धानाची शेती पाहतात. मी शिक्षिका म्हणून सगळा गाव मला बाई म्हणतो, त्यांनीही तेच उचललं. अंघोळ करून मी दार उघडलं तर ते बाहेरच्या अंधाऱ्या बोळीत एका भल्यामोठ्या चित्रासमोर हात मागे बांधून उभे होते. चित्रातल्या बाईचे दोन्ही डोळे एकाच गालावर. "हे काऊन लावलं असंन?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत? मला झोप पाहिजे होती.

झोप मात्र त्या भागात मिळत नाही. ती सगळी गल्लीच नाचगाण्याची. दिवसा पाहावं तर शटर ओढलेली दुकानं वाटावीत, आणि दिवे लागले की गाड्यांची रीघ, दारांवर धिप्पाड पोरं उभी, आणि आमच्या पलंगाखालून कोणी मुसळ घालतंय असा दणका. आमच्या हॉटेलच्या गच्चीवरही तेच. उशीजवळ एका डबीत कानात घालायचे बोळे ठेवलेले होते. आधी आवाज करायचा आणि मग बोळे द्यायचे, ही पण सेवाच म्हणायची. हॉटेलचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं होतं. त्याचा अर्थ मी खाली बसणाऱ्या पोरीला विचारला, तर तिलाही तो ठाऊक नव्हता.

आता आमच्यासारखी माणसं अशा ठिकाणी कशी पोचली, ते सांगते. आमची एकुलती एक लेक नीलिमा याच शहरात राहते, त्या हॉटेलपासून पायी जाण्याच्या अंतरावर. तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्यातली एक खोली आमच्याच नावानं रिकामी ठेवलेली. आणि आम्ही हॉटेलात. कारण लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असं गुणवंतरावांच्या घरात पाळतात. त्यांचे वडील त्यांच्या बहिणीकडे गेले की घरून नेलेली शिदोरी झाडाखाली बसून खायचे. त्यांनीही तेच धरलं. मी पण पाळलं. माझा विश्वास होता म्हणून नाही, तर नवरा उपाशी बसलेला असताना माझ्या घशाखाली घास उतरला नसता म्हणून.

नीलिमाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही.

इतकी वर्षं आम्ही हैदराबादला आलो की स्टेशनजवळच्या लॉजवर उतरायचो. सकाळी बसनं लेकीकडे, संध्याकाळी परत. दिवसभर तिच्या सोफ्यावर बसायचं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचं. ती बाटली पाहून नीलिमाचं तोंड कसं व्हायचं, ते मी पाहायचे. गुणवंतराव पाहत नव्हते असं नाही. त्यांनाही दिसायचं, पण नेम म्हणजे नेम. लागोपाठ उपचार झाले, सुया झाल्या, दवाखाने बदलले. दर वेळी डॉक्टर आशा लावायचे, दर वेळी ती जायची. या खेपेला चौथा प्रयत्न होता. तोही वाया गेला आणि नीलिमानं फोनवर एवढंच म्हटलं, "आई, तू ये. जवळ राह्य."

म्हणून जावयानं, प्रणितनं, ही जवळची खोली पाहिली. पोरगा ब्रह्मपुरीकडचा, सरळ, पण सासऱ्यापुढे बोलताना त्याची जीभ अडखळते. स्टेशनवर घ्यायला आला तेव्हाच गुणवंतरावांनी त्याची चौकशी सुरू केली.

"जावईबापू, इतल्या भारी हॉटेलात काऊन?"

"मामाजी, कंपनीची खोली हाये. पाव्हण्यांसाठी वर्षभर घेऊन ठेवते कंपनी. रिकामीच पडून राह्यते."

"आन् नाश्ता, जेवण?"

"तेबी कंपनीचंच. सगळं कंपनीचं."

गुणवंतरावांनी थोडा विचार केला. जंगलात नोकरी केलेला माणूस, कोणतं झाड कोणाच्या हद्दीत हे ठरवण्यात आयुष्य गेलेलं. कंपनीचं अन्न म्हणजे लेकीचं नाही, हे त्यांना पटलं. मान हलवून ते गाडीत बसले.

आणि मग ते जेवले. मी हे मुद्दाम सांगते, कारण घरी दोन पोळ्यांवर उठणारा माणूस त्या हॉटेलच्या नाश्त्यावर तुटून पडला. नाश्ता अकरापर्यंत असायचा. रात्रभर नाचलेली पोरं त्याआधी उठत नसत. सकाळी सातला त्या मोठ्या दालनात आम्ही दोघंच, आणि वीस प्रकारची भांडी आमच्यासाठी झाकणं लावून उभी. गुणवंतराव प्रत्येक झाकण उघडून आत डोकावत. वाढणाऱ्याशी ते सिरोंच्याला शिकलेल्या तेलुगूत बोलायला गेले, तर तो आसामचा निघाला. मग दोघंही खुणांवर आले. इडली, उपमा, आलूपराठा, वर पपई. "कंपनी चांगली हाये," ते म्हणाले. किती दिवसांनी मी त्यांना असं निवांत खाताना पाहत होते. तिकडे लेक अंथरुणावर पडलेली आणि इकडे हा माणूस पपईच्या फोडी घेतोय, म्हणून मला रागही आला. पण म्हातारा माणूस दुःखात जास्त खातो, हे मला माहीत आहे.

नाश्ता झाला की आम्ही नीलिमाकडे जायचो. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली असायची. गुणवंतराव समोरच्या खुर्चीत, आणि टीपॉयवर हॉटेलातून आणलेली पाण्याची बाटली. दुपारी प्रणित ऑफिसातून फोन करायचा, संध्याकाळी आम्ही परत यायचो. बस. मी इतकी शिणले होते की परतीच्या वाटेवर बोलायलाही त्राण उरत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी नीलिमाच हॉटेलात आली. गुणवंतरावांना जवळच्या बागेतली झाडं पाहायची होती, ते गेलेले. ती आली, काचेवर टांगलेली साडी तिनं पाहिली आणि खो खो हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. मग पलंगावर आडवी झाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. केसांत हात फिरवता फिरवता मला कानामागे दोन पांढरे केस दिसले.

"आई, डॉक्टर म्हणते आणखी एकदा पाहू," ती म्हणाली. "चान्स कमी हाये म्हणते, पण पाहू."

"तुले काय वाटते?"

"मले नाई पाहाचं. मले थांबाचं हाये." तिनं डोळे मिटले होते. "प्रणित म्हणते तू म्हणशीन तसं. त्याचं काई नाई. पण बाबा ती बाटली घेऊन बसते ना समोर, तं मले वाटते मी नऊ वर्षांपासून परीक्षेच्या हॉलमधीच बसून आहो. पेपर काई सुटत नाई, आन् उठूबी देत नाई कोणी. बाबा एकदा माह्या घरचं पाणी पेले ना आई, तं मी उठीन. नाई तं पुन्हा त्या सुया घेईन मी. मले मालूम हाये, घेईनच."

मी तिला म्हटलं, मी बोलते. शिक्षिकेचा स्वभाव, कोणाचंही काम अंगावर घ्यायचं. पण या वेळी मला खरोखरच वाटलं की हे आता झालंच पाहिजे, नाहीतर माझी लेक त्या दवाखान्यात संपेल.

संध्याकाळी दिवे लागले, गच्चीवर दणका सुरू झाला, आणि मी गुणवंतरावांसमोर बसले. गाण्याच्या वर आवाज काढून नाजूक गोष्ट बोलायची म्हणजे काय, ते करून पाहावं. मी अर्धं बोलले की मध्येच ठोका वाढायचा आणि ते "काय?" म्हणायचे. शेवटी मी ओरडूनच सांगितलं.

"तिच्या घरी जेवा! एकदा जेवा, सुटंन ते पोट्टी!"

त्यांना ऐकू गेलं.

"बाई, तुले वाटते मले आवडते का तसं बसणं?" मग ते म्हणाले. "तिच्या हातचं खाव वाटत नाई का मले? पण मी जेवलो म्हणजे काय झालं? म्हणजे मी मानलं, का आता काई होत नाई. डॉक्टरनं नाई सोडलं अजून. मी बाप असून पह्यले सोडू?"

इतकी वर्षं मी त्यांच्या नेमाला हट्ट समजत होते. ती त्यांची आशा होती, आणि ती धरून धरून हा माणूसही थकून गेला होता. बोळे कानात घालून आम्ही आपापल्या कुशीवर वळलो. मला त्यांची दया आली आणि लेकीसाठी संतापही आला. दोन्ही मिळून झोप लागली नाही.

पाचव्या दिवशी उशिरानं नाश्ता करून आम्ही वर आलो तर खोलीचं दार उघडेना. तिथे किल्ली नव्हती, पत्त्याएवढं कार्ड होतं. ते लावलं की हिरवा दिवा लागायचा, त्या दिवशी लाल लागला. आम्ही खाली गेलो. काउंटरवर ती हॉटेलच्या नावाचा अर्थ ठाऊक नसलेली पोरगी होती. गुणवंतराव मला म्हणाले, "कार्ड काऊन चालत नाई, विचार बरं हिले हिंदीत," आणि ते ऐकून पोरीचा चेहराच बदलला.

"काकाजी, तुमी आपल्याकडचे का? मी चंद्रपूरची! रूही. आमचं बांगड्याचं दुकान हाये ना तिथी."

मग काय, पाच मिनिटं चंद्रपूरच झालं. ऊन किती आहे, दुकान कोण पाहतं, सगळं. त्या दगडी तोंडांच्या हॉटेलात कोणीतरी 'काकाजी' म्हटलं म्हणून गुणवंतराव खुलले. रूहीनं कार्ड घेतलं, यंत्रावर टेकवलं आणि गोड हसून म्हणाली, "खोली आज सकाळपर्यंतच होती ना काकाजी, म्हणून बंद पडलं. पण नीलिमादीदीचा फोन आलता सकाळीच. आणखी दोन दिवस वाढवून देल्ली तिनं. पैसेबी भरले. नाश्ता, जेवण, सगळं."

"कंपनीनं भरले," गुणवंतराव म्हणाले.

"नाई काकाजी, कंपनीची खोली नाई हे. दीदीनं स्वतः केली बुकिंग. पह्यल्या दिवसापासून तिच्याच नावावर हाये." आणि आमच्या तोंडाकडे पाहून तिचं बोलणं मंदावलं. "काऊन? काई चुकलं का?"

"काई नाई चुकलं बेटा," मी म्हटलं आणि कार्ड घेतलं.

गुणवंतराव वर आले नाहीत. काउंटरसमोर एक सोफा होता, ओठांच्या आकाराचा, लालभडक. त्यावर ते बसले. आता हा माणूस प्रणितला फोन लावणार, खोटं बोलला म्हणून त्याला झाडणार, आणि आजच्याच गाडीनं आपल्याला ओढत घेऊन जाणार, असं मी धरूनच चालले होते. मी शेजारी बसले. समोरून रात्रीची पोरंपोरी डोळे चोळत, बॅगा ओढत निघाली होती. एकीच्या गालाला अजून चमकी चिकटलेली होती.

"पपई खाल्ली मी," ते हळूच म्हणाले. "दोनदा घेतली. काल रात्री खिचडीबी पोट भरून खाल्ली."

"हो."

"तिचंच होतं सारं."

"हो."

"आन् मले काई झालं नाई, बाई. घशाखाली उतरलं. गोड लागलं."

ते उठले. मला वाटलं वर जातील, सामान बांधतील. पण ते दाराकडे वळले आणि रस्त्यावर आले, आणि चालायला लागले. दिवसा ती गल्ली ओसाड होती, फरशीवर सांडलेल्या दारूचा आंबट वास येत होता, कोणी पाइपनं पाणी मारत होतं. त्या उन्हात ते माझ्यापुढे झपझप चालत होते आणि मी मागे धापा टाकत, "अहो, तिले रागावू नका, अहो ते आजारी हाये," असं म्हणत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हातात बाटली नव्हती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

नीलिमानं दार उघडलं तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. रूहीनं घाबरून फोन केला असावा.

"बाबा, माही चूक झाली," ती दारातच म्हणाली. "प्रणितले मीच म्हटलं तसं सांगाले. स्टेशनजवळची लॉज लय दूर पडते, मले आई जवळ पाह्यजे होती. तुमचा नेम मोडला माह्यापाई. मी..."

"भूक लागली," गुणवंतराव म्हणाले.

तिला समजलंच नाही. "हॉटेलात काई खाल्लं नाई का?"

"तुह्या घरचंच खाऊन राह्यलो म्हणते ते हॉटेलातली पोट्टी. मंग इथीच खातो. काय हाये?"

नीलिमा माझ्याकडे पाहायला लागली. बाबा पहिल्यांदा जेवतील तेव्हा काय करायचं, हे तिचं ठरलेलं होतं. वडाभात, कढी, वर तेलाची फोडणी. माझ्याशी फोनवर कितीदा बोलली होती ती. आणि घरात होता काल रात्रीचा भात आणि वाटीभर वरण.

"थांबा बाबा, वडाभात करतो मी. वेळ नाई लागत."

"जे हाये ते दे."

त्यांनी हात धुतले, टेबलाशी बसले, नकळत हात जोडले. नीलिमानं आधी पाण्याचा पेला ठेवला. तो त्यांनी उचलला आणि पूर्ण रिकामा केला, मध्ये न थांबता. मग भात कालवला. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. ती हातात वाढायचा चमचा धरून त्यांच्या शेजारी उभी होती, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, कारण नऊ वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती आणि मला तिला हसताना पाहायचं होतं.

ती हसली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणजे तुमालेबी वाटते ना आता? का नाई होणार?"

गुणवंतरावांचा हात ताटात थांबला. खोटं बोलायची सोय होती. डॉक्टर आहेत, देव आहे, असं काहीही म्हणता आलं असतं.

"नाई होणार, बेटा," ते म्हणाले. "नाई झालं तं नाई झालं. तू थकली. मीबी थकलो."

आणि माझी लेक रडली. चारही वेळा निकाल आला तेव्हा ती मला फोनवर कोरड्या आवाजात सांगायची, ठीक आहे आई, पुढच्या वेळी पाहू. आता ती तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी रडली. बाप जेवला की ती सुटेल एवढंच मी मनात धरलं होतं. ती सुटली. पण तो पाणी पीत नव्हता तोवर घरात कोणीतरी एकजण तिच्या मुलाची वाट पाहत होता, आणि आता कोणीच पाहत नव्हतं. हे मी, एवढी बाई झाले, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी उठून तिला धरलं.

गुणवंतराव उठले नाहीत. त्यांचेही डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. त्यांनी ताटातला भात संपवला आणि रिकामं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"वाढ," म्हणाले.

तिनं रडत रडत वाढलं. ते पुन्हा जेवले, आणि पुन्हा ताट सरकवलं, आणि भांड्यातला भात संपेपर्यंत ती वाढत राहिली.